चिकटपट्टी लावू नये

मध्यंतरी लातूरहून एक तरुण जोडपं माझ्याकडं आलं होतं. त्यांचं बाळ अजून मानही धरत नव्हतं. आधी जुन्या धोतराचा मऊ तुकडा, त्यावर एक ओढणी, त्यावर आणखी एक, असं त्याला गुंडाळलेलं. बाळाच्या आईला मी विचारलं, "येताना गाडीत कुणी काही म्हणलं का?"

"एका बाईनं विचारलं," ती खाली बघत म्हणाली. "भाजलंय म्हणून सांगितलं."

ती दोघं गेल्यावर मला दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. हाच शब्द आमच्या घरात कितीतरी वर्षं नांदला होता. तो बोलणाऱ्याला काय वाटतं ते मला माहीत आहे. ज्याच्याबद्दल तो बोलला जातो त्याला काय वाटतं, तेही माहीत आहे. म्हणून हे लिहिते आहे.

मला जन्मापासून कातडीचा एक दुर्मीळ आजार आहे. त्याचं नाव लांबलचक आहे, मला ते मोठेपणीही नीट उच्चारता येत नव्हतं. साधं सांगायचं तर माझ्या कातडीचा वरचा थर खालच्या थराला धरून राहत नाही. भिजवलेल्या हरभऱ्याची साल बोटानं सरकते, तशी ती सरकते. घासलं की फोड, फोड फुटला की जखम, जखम भरली की व्रण. हाताची बोटं हळूहळू एकमेकांना चिकटत जातात. घशाच्या आतही हेच चालतं, म्हणून अन्न जायची वाट आवळत जाते. हा रोग कुणाकडून कुणाला लागत नाही आणि कुणाच्या पापानं होत नाही. आज मी हे सहज लिहिते. लहानपणी आमच्या घरात हे मोठ्यानं बोलायची सोय नव्हती.

घरातला शब्द

निलंग्यात अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, किराणा दुकान होतं. मागं दोन खोल्या, त्यातली एक दुकानाच्याच पोत्यांनी भरलेली. माझी आई, आमच्यात अव्वा म्हणतात, बिदरकडची. अण्णांच्या सख्ख्या मामाची मुलगी. घाबरली किंवा फार माया आली की ती मराठी सोडून कानडीत बोलायची.

जन्मतःच माझ्या पायाला साल नव्हती. काही महिन्यांनी मला सोलापूरला कातडीच्या डॉक्टरांकडं नेलं. तो दिवस अव्वानं मला पुढं पुष्कळदा सांगितला. डॉक्टर भले होते. त्यांनी सगळं पाहून एवढंच विचारलं, "तुम्ही दोघं नात्यातले का?"

"मामाची मुलगी केली मी," अण्णा म्हणाले.

मग डॉक्टरांनी समजावलं की असे दोष कधी कधी दोन्ही बाजूंनी लपून येतात, तुमचा यात अपराध काही नाही, औषध नाही, जपावं लागेल. अण्णांनी त्यातला अर्धाच भाग घरी आणला. दोष रक्तात आहे, एवढाच. घरात त्यांची धाकटी बहीण, माझी मंगल आत्या, तेव्हा परकरात होती. उद्या तिचं लग्न करायचं होतं. परतीच्या गाडीत एका म्हाताऱ्यानं विचारलं, "लेकराला काय झालं हो?" अण्णा खिडकीकडं बघत म्हणाले, "भाजलं."

तिथून तो शब्द घरात आला. गिऱ्हाइकांना तोच, शाळेतल्या बाईंना तोच. मीही शिकले. चारचौघांत माझ्याकडं कुणी टक लावून पाहिलं की विचारायच्या आधीच मी सांगून टाकायची, "भाजलंय मला." म्हणजे समोरचा जरा सैल व्हायचा. महारोग नाही ना, ही त्यांची भीती जायची. माझं तोंड मात्र तापल्यासारखं व्हायचं.

अण्णा मला कधी हात लावत नसत. मला खाऊ आणत, माझ्यासाठी मऊ कापड शोधत फिरत, पण देताना वस्तू जमिनीवर ठेवत आणि मागं सरत. त्याचा अर्थ मी माझ्यापुरता लावला होता. त्यांना माझी किळस येते.

हंडाभर पाणी

माझ्या जखमांवर अव्वा धोतराच्या चिंध्या बांधायची. त्या सुकल्या की जखमेला धरून बसत. ओढल्या तर सालीसकट येत. म्हणून मला कोमट पाण्यात बसवायचं, चिंध्या आपणहून सुटेपर्यंत भिजवायचं, मग काढायचं. एका वेळेला मोठा हंडा लागे.

आणि मग दुष्काळ पडला. आमच्या गल्लीची विहीर खरवडून झाली, बोअरला गढूळ यायला लागलं, पुढं तेही थांबलं. टँकर आला की बायका घागरी घेऊन धावत. अव्वा तिचा हंडा डोक्यावर घेऊन यायची आणि तो आख्खा माझ्या घंगाळात ओतायची. दार लावून घ्यायची. पण पाण्याचा आवाज बाहेर जातोच.

"आमच्या लेकराला प्यायला न्हाई," शेजारची बाई एकदा दाराबाहेरूनच बोलली, "अन् इथं आंघोळी चालू हायेत."

 अव्वा चिंधीचं टोक पाण्यात हलवत राहिली. मी म्हणाले, "अव्वा, ओढून काढ. मी वरडत न्हाई."

"साकु," ती म्हणाली. साकु म्हणजे पुरे. "अळबेड." रडू नकोस. मी रडत नव्हते. मी फक्त पाण्यात अंग हलवणं बंद केलं होतं, म्हणजे आवाज होणार नाही.

माझं वापरलेलं पाणी कुणाच्या उपयोगाचं नव्हतं. त्यात रक्त असे, पू असे. दुष्काळात लोक भांडी धुतलेलं पाणी म्हशीला ठेवत होते आणि माझं पाणी मागच्या नालीत जात होतं. आजही नळ वाहता सोडून मी अंघोळ करू शकत नाही. तपेल्यात घेते, थोडं थोडं.

पाहुणे

माझा घसा त्याच वर्षी जास्त आवळला. भाकरी सुटली, भात सुटला. पेज, ताक, पातळ वरण यावर मी दिवस काढत होते. माझ्या वयाच्या मुली परकर वाढवून घेत होत्या, माझा झगा दोन वर्षांपूर्वीचाच मला ढिला होत होता.

तेवढ्यात आत्याला पाहायला उदगीरचे पाहुणे आले. चांगलं घर, दुकानदारी, लोक शिवभक्त. अव्वानं मला आधीच पोत्यांच्या खोलीत बसवलं. आत्याला त्याचं वाईट वाटलं असावं. शालू नेसून तयार झालेली ती मागच्या दारानं आली आणि माझ्या हातात शिऱ्याची वाटी देऊन गेली. "मऊ हाय गं, कांते. चाटून खा." वर लाडानं काजूचा तुकडा ठेवला होता.

किती महिन्यांत मी काही चावलं नव्हतं. तो तुकडा मी तोंडात घोळवला, घोळवला, आणि गिळला. तो मध्येच बसला. पाणी प्यायले तर पाणी वर आलं. ठसका आला. पलीकडं पाहुण्यांची सुपारी फुटत होती, अण्णा हसून बोलत होते. मी साखरेच्या पोत्यात तोंड खुपसलं आणि आवाज न करता खोकत राहिले. लाळसुद्धा खाली जात नव्हती. पोतं ओलं झालं, हनुवटी घासून सोलली, पण मी दार वाजवलं नाही. एवढी शरम नऊ-दहा वर्षांच्या पोरीत कुठून येते, मला आजही सांगता येणार नाही.

पाहुणे पसंती सांगून गेले, तेव्हा अव्वानं दार उघडलं.

लातूर

आम्ही एसटीनं लातूर गाठलं. लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. अण्णांनी आमच्या दुकानाच्या पाटीवरचं 'जि. उस्मानाबाद' पुसून 'जि. लातूर' लिहून घेतलं होतं, पण उन्हात जुनी अक्षरं खालून वर येत. शहराचंही तसंच होतं. नव्या कचेऱ्या, नवे साहेब, आणि रस्त्यात तेच रिकामे हंडे.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, "अंगावर हे काय आहे?"

"लहानपणी भाजलंय," अण्णा म्हणाले.

डॉक्टरांनी माझा घसा पाहिला, अंगावरचे व्रण पाहिले आणि त्यांच्या डोक्यात जी जुळणी झाली ती कुणाच्याही डोक्यात झाली असती. अंग भाजलेलं, घसा आवळलेला. त्यांनी अण्णांना बाजूला घेऊन विचारलं, "हिच्या पोटात कधी ॲसिड वगैरे गेलं होतं का?" अण्णा गप्प राहिले. हो म्हटलं तर खोटं, नाही म्हटलं तर पुढचं सगळं सांगावं लागणार.

अडकलेला तुकडा भूल देऊन काढायचा ठरलं. मला आत नेलं. टेबलावर झोपवताना दोघांनी हातपाय धरून ओढून सरळ केलं. हातात सुई टोचली आणि ती हलू नये म्हणून वर चिकटपट्टी लावली. तोंडावर काळा रबरी मुखवटा दाबला. वास आला, मी मान हलवली, ती घट्ट धरली गेली. मग कुणीतरी ओरडलं, "थांबा, थांबा." मुखवटा काढला तेव्हा माझ्या हनुवटीची आणि एका गालाची साल त्याच्या कडेला लागून आली होती. सुई निसटली होती म्हणून सिस्टरनं पट्टी ओढली. हाताच्या मागच्या बाजूची कातडी पट्टीबरोबर निघाली.

त्या सिस्टरचा चेहरा मला अजून दिसतो. ती माझ्यापेक्षा जास्त घाबरली होती. हातातली पट्टी टाकावी कुठं, तेही तिला सुचेना.

मला बाहेर आणलं. तिथं व्हरांड्यात तिनं माझ्याजवळ वाकून हळूच विचारलं, "खरं सांग बाळा. आईनं काय पाजलं तुला?"

डॉक्टर अव्वाशी बोलत होते. आवाज चढला होता. "पोरीची ही अवस्था कुणी केली? मला पोलिसांना कळवावं लागेल." अव्वा पदर सारखा करत उभी होती. ती कानडीत काहीतरी पुटपुटली. अण्णा खांबाला टेकून फरशीकडं बघत होते. त्यांच्या शेजारी उदगीरच्या पाहुण्यांचे एक नातेवाईक उभे होते. ते नव्या कलेक्टर कचेरीत बदलून आलेले. ओळख असावी म्हणून अण्णांनीच त्यांना बोलावलं होतं.

मी अण्णांकडं पाहिलं. ते बोलतील असं मला वाटलं. ते फरशीकडंच बघत राहिले.

"मला कुणी भाजलं न्हाई," मी म्हणाले. तोंडातून लाळ गळत होती, शब्द घोगरे येत होते. "कुणी काई पाजलं न्हाई. माझं कातडंच असं हाय. जन्मापासून. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलंय. आमच्या रक्तात हाय."

 बाकावरचे लोक माझ्याकडं बघत होते. एक बाई आपलं मूल उचलून दुसऱ्या टोकाला गेली. खरं बोलल्यावर मोकळं वाटतं म्हणतात. मला तेव्हा भर बाजारात कुणी झगा ओढून घ्यावा तसं वाटलं. अव्वा वाचली होती, पण बाकी सगळ्यांना मी उघडं पाडलं होतं.

डॉक्टर माझ्यापाशी आले. माझ्या दंडावर बोट टेकवून त्यांनी बारकाईनं पाहिलं. मग अण्णांना म्हणाले, "आधी का नाही सांगितलं? मी पट्टी लावू दिली नसती हो." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. अण्णांनी मान वर केली नाही.

दुपारपर्यंत तो तुकडा मऊ होऊन आपणच खाली गेला. डॉक्टर म्हणाले, घसा रुंद करावाच लागेल, नाहीतर ही पोर उपाशी मरेल. पण अशा कातडीच्या मुलाला भूल देणं इथं जमायचं नाही. नांदेडला भूल देणाऱ्या एक मॅडम आहेत, त्यांना भेटा.

उदगीरच्यांनी आठवड्याच्या आत होकार मागं घेतला. आत्यानं मला एका शब्दानं बोल लावला नाही. पण ती माझ्याशी आधीसारखी बोललीही नाही. काजूचा तुकडा तिनं दिला होता आणि रक्ताची गोष्ट मी बोलले होते. आम्ही दोघी एकमेकींसमोर आलो की दोघींनाही लाज वाटायची. पुढं जळकोटला तिचं लग्न झालं, चांगलं झालं, तिला निरोगी मुलं झाली. तरी आमच्यात जे गप्प झालं ते गप्पच राहिलं.

नांदेड

नांदेडच्या दवाखान्यात नळाला पाणी होतं. अव्वानं पहिल्यांदा तो सोडला तेव्हा ती हात तसाच धरून उभी राहिली. मग बादली भरली, मला बसवलं, चिंध्या सोडवायला घेतल्या. मी म्हणाले, "बंद कर अव्वा, लोक बघतेत."

"बघू दे," ती म्हणाली. पण नळ तिनंही बारीकच केला.

वॉर्डात बाजूच्या खाटा हळूहळू सरकल्या. कुणी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. सकाळी उठून पाहावं तर मधली वाट थोडी रुंद झालेली असे. मला त्याची सवय होती. अव्वाला नव्हती. ती भांडी घासायला जाताना आमचा तांब्या पदराखाली झाकून न्यायची.

भूल देणाऱ्या मॅडम आल्या त्या फाइल बाजूला ठेवून सरळ माझ्याशी बोलल्या. "तुला कुठं हात लावलेला चालतो?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं. काय उत्तर द्यावं कळेना. त्यांनी स्वतःचा तळवा व्हॅसलीन लावून माझ्या पाठीवर सपाट ठेवला. "दुखतंय?"

"न्हाई."

"आता दाबते. आता?"

"न्हाई."

"म्हणजे दाब चालतो. घसट चालत नाही." त्यांनी मान हलवली. मग अव्वाकडं वळून म्हणाल्या, "मी असं एकच मूल आधी पाहिलंय, शिकत होते तेव्हा. त्या वेळी आम्हाला काही माहीत नव्हतं आणि आमच्याकडून त्याचे फार हाल झाले. ते मूल मी विसरले नाही. त्यानंतर मी जिथं मिळेल तिथं वाचलं. तरीही सगळं नीट होईल असा शब्द देत नाही. जपेन, एवढं सांगते."

अव्वाला हे बोलणं आवडलं. मोठमोठे शब्द देणारे तिनं पुष्कळ पाहिले होते.

मॅडम अण्णांना म्हणाल्या, "टेबलावर हिला अनोळखी माणसांनी ओढलेलं मला नको. घरचं माणूस आत घेईन. हिला उचलतं कोण?"

"तिची आई."

अव्वाला दोन दिवस ताप होता. तिचे हात थरथरत होते, ते मॅडमना दिसलं असावं. "आणि तुम्ही?"

"मी न्हाई उचलत," अण्णा म्हणाले.

 मी अव्वाच्या मागं तोंड लपवलं. आता किळसेची गोष्ट निघणार, असं मला वाटलं.

"ही रांगत होती तवा," अण्णा बोलायला लागले, आणि त्यांचा आवाज मला ओळखू येईना. "मी दुकानातून घरात आलो. ही हात वर करून माझ्याकडं आली. मी बगलंत धरून उचललं. जसं लेकराला उचलतेत तसं. मला म्हाईत होतं हो मॅडम. डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण लेकरू हसत आलं अन् मी इसरलो. खाली ठेवलं तर तिच्या दोन्ही बगलंची साल माझ्या हाताला. हात धुवायला लागलो, धूतच राहिलो, धूतच राहिलो... तवापासून लावला न्हाई. माझे हातच वाईट हायेत."

अव्वा रडत होती. हे तिला माहीत होतं, मला माहीत नव्हतं. मी इतकी वर्षं एक गोष्ट धरून बसले होते आणि ती माझ्याबद्दलची नव्हतीच. तरी त्या वेळी मला आनंद झाला असं म्हणणं खोटं होईल. मला शरमच वाटली. मोठ्या माणसाला माझ्यामुळं असं रडायला लागलं याची.

मॅडमनी खाटेवरची उशी त्यांच्यापुढं ठेवली. "हिला उचला. दोन्ही तळवे खालून, पसरून. सरकवायचं नाही. ओढायचं नाही. सरळ वर." अण्णांनी उशी उचलली, ठेवली. मॅडमनी पुन्हा उचलायला लावली. अण्णा घामाघूम झाले. वॉर्डातले लोक बघत होते, काही हसलेही. एक जाडजूड दुकानदार भरदिवसा उशीला जोजवतोय, हसण्यासारखंच होतं ते.

मग मॅडम म्हणाल्या, "आता हिला."

मऊ चादरीसकट अण्णांनी मला उचललं. त्यांच्या बंडीला हिंगाचा, गुळाचा वास होता. मला तो दुकानाचा वास वाटायचा. तो त्यांचाही आहे हे मला तेव्हा कळलं. दोघंही श्वास रोखून होतो. खाली ठेवल्यावर त्यांनी आधी स्वतःचे तळवे उलटेपालटे करून पाहिले.

भूल

ज्यांच्या घरी असं मूल आहे, त्यांच्यासाठी हा भाग जरा नीट लिहिते.

भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी भेटा. ऑपरेशन करणाऱ्यांना भेटून पुरत नाही. आणि खरं सांगा, सगळं सांगा. अंगावर कुठं नवी जखम आहे, तोंड किती उघडतं, मूल कोणत्या कुशीवर झोपतं, सगळं. आमच्या मॅडमनी आदल्या दिवशी मुखवटा माझ्या हातात दिला. मीच तो तोंडाशी नेऊन पाहिला, वास घेतला, परत दिला. त्यांनी खाटेला स्वतःच्या हातानं एक कागद बांधला: 'या मुलीला चिकटपट्टी लावू नये.' इंजेक्शन द्यायला येणारी प्रत्येक सिस्टर तो वाचून थबकायची. लोकही वाचायचे. मला तो कागद फार लाजिरवाणा वाटायचा आणि फार सुरक्षितही.

आत जाताना अण्णांना हिरवा झगा आणि टोपी घातली होती. टेबलावर कापसाची जाड गादी अंथरलेली. अण्णांनी मला तिच्यावर ठेवलं, सरळ वरून, न सरकवता. मॅडमच्या हातात बांगडी नव्हती, घड्याळ नव्हतं. दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधायच्या आधी कापूस गुंडाळला. दंड आवळायला रबर न वापरता एका डॉक्टरांनी आपल्या मुठीनंच तो धरला. सुई बसल्यावर ती मऊ पट्टीनं बांधली, गाठ मारून. माझ्या तोंडाला व्हॅसलीन, त्यावर तेच लावलेली जाळीची पट्टी, मग मुखवटा. झोपल्यावर डोळे उघडे राहू नयेत म्हणून इतरांना पट्टी लावतात, मला मलम घातलं. हे सगळं त्या मला सांगत सांगत करत होत्या.

"अण्णा कुठं हायेत?" मी विचारलं.

"हाय की," डोक्यामागून आवाज आला. "इथंच हाय." त्यांनी दोन बोटं माझ्या केसांवर नुसती टेकवली होती. केस दुखत नाहीत, हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. दिवा लांब लांब जात राहिला.

जाग आली तेव्हा घसा जळत होता आणि अव्वा चमच्यानं पाणी घालत होती. पाणी खाली गेलं. मध्ये न थांबता, आवाज न करता खाली गेलं. मी दुसरा चमचा मागितला. अव्वानं आधी अण्णांकडं पाहिलं, मग चमचा भरला.

पुढं मोठेपणापर्यंत माझा घसा असा अनेकदा उघडावा लागला. प्रत्येक वेळी नवीन दवाखान्यात नवीन माणसांना पहिल्यापासून सांगावं लागलं. बोटं आता बरीचशी जुळली आहेत. निलंग्यातच मुलांच्या शिकवण्या घेते. लाज गेली का, असं त्या लातूरच्या बाळाच्या आईनं मला विचारलं होतं. मी तिला खरं सांगितलं, गेली नाही. पण ती वाटत असतानाही बोलता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी

सकाळी मॅडम आल्या. घसा पाहणारे डॉक्टर आधीच येऊन गेले होते, त्यामुळं यांचं काही काम राहिलं नव्हतं असं मला वाटलं. त्या खाटेशेजारी स्टुलावर बसल्या आणि खिडकीचा उजेड येईल अशी माझी हनुवटी वळवायला सांगितली. मीच वळवली. कपाळ, नाक, गाल, ओठांच्या कडा, सगळं त्या जवळून बघत गेल्या. डाव्या कानाखाली जबड्यापाशी थांबल्या.

तिथं एक फोड आला होता. वाटाण्याएवढा. मला तो उठल्यापासून कळत होता, मी कुणाला सांगितलं नव्हतं. एवढं सगळं त्यांनी केलं आणि माझ्या कातडीनं तरी फोड आणलाच, याचीच मला लाज वाटत होती.

"हा माझ्या अंगठ्याचा," मॅडम म्हणाल्या. "तुझा जबडा वर धरावा लागतो, श्वास चालू राहावा म्हणून. मी थोडी सरकले असणार. माफ कर मला."

अव्वा घाईघाईनं म्हणाली, "असं काय मॅडम, तुमी तर देवासारखं..."

"नाही, माझ्याकडून झालं ते."

माझ्या अंगावर तोवर जे जे फोड आले, त्या प्रत्येकाची माफी मीच मागत आले होते. गाडीत बाजूला बसणाऱ्याची, शाळेतल्या बाईंची, हंडा वाहणाऱ्या अव्वाची. माझी कुणी माफी मागितली की काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं.

"चालतंय," मी सवयीनं म्हणाले.

"नाही चालत," त्या म्हणाल्या. "पाणी काढलं नाही तर पसरेल. सुईनं काढते, दुखणार नाही. आत्ता काढू का? तू म्हणशील तेव्हा."

त्यांनी सुई हातात घेतली नाही. खरोखरच थांबल्या. अण्णा दाराशी उभे होते, त्यांच्या हातात झाकलेली वाटी होती. कुणाकडून तरी मुगाची मऊ खिचडी मिळवून आणली होती, वर तूप. वास खाटेपर्यंत येत होता.

मी एकदा फोडावर हात नेला, एकदा वाटीकडं पाहिलं.

"मागून काढा," मी म्हणाले. "आधी मला जेवायचंय."